वाघ चांदोलीत सोडला, वाट मात्र खानापुरातून जाते

बेळगाव : ताडोबातून आणलेली एक वाघीण नोव्हेंबर 2025मध्ये चांदोलीच्या जंगलात सोडण्यात आली. तिचे नाव 'तारा', गळ्यात रेडिओ कॉलर. ताडोबा आणि पेंचमधून मिळून आठ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणायचे, अशी ही मंजूर योजना आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात त्याचे स्वागत झाले. बेळगावात बातमी वाचली गेली आणि पान उलटले गेले. चांदोली आपल्यापासून पावणेदोनशे किलोमीटर लांब, आपला काय संबंध, असेच बहुतेकांना वाटले असणार.

संबंध आहे, आणि तो कॅमेऱ्याने पकडलेला आहे. मे 2018मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एका वाघाचा फोटो ट्रॅप कॅमेऱ्यात आला. दोन वर्षांनी, मे 2020मध्ये, तोच वाघ दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला. अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटाच्या ठशासारखे असतात, दोन वाघांचे जुळत नाहीत, त्यामुळे यात 'असेल-नसेल' काही राहिले नाही. अंतर सुमारे 215 किलोमीटर. नकाशा उघडून चांदोली आणि दांडेलीमध्ये बोट फिरवले की राधानगरी, आजरा-भुदरगड, चंदगड, तिलारी, चोर्ला, कणकुंबी, भीमगड ही नावे बोटाखालून जातात. त्या वाघाला दुसरा रस्ता नव्हता. पूर्वेला उसाचे मळे आणि पुणे-बंगळूर हायवे, पश्चिमेला घाट उतरला की कोकणातली दाट वस्ती. उरतो तो घाटमाथ्याचा अरुंद पट्टा, आणि त्याचा मधला, सर्वात नाजूक तुकडा खानापूर, चंदगड, दोडामार्ग आणि गोव्याची सत्तरी या चार तालुक्यांत आहे. तीन राज्ये, आणि गावे बहुतेक मराठी-कोकणी बोलणारी.

महाराष्ट्राने वाघ कुठे सोडला याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की तो किंवा त्याची पिल्ले उद्या चालत या पट्ट्यात आली, तर इथे त्यांची वाट बघणारी व्यवस्था कोणती आहे. आणि वाघ येणार ते इथल्या गावकऱ्यांना कोण सांगणार.

जंगल घनदाट, पण भांडवल कमी

बाहेरच्या माणसाला वाटते की जेवढे जंगल दाट तेवढे वाघ जास्त. प्रत्यक्षात उलटे आहे. वाघ पाहायला लोक ताडोबाला जातात, नागरहोळेला जातात, भीमगडला कुणी जात नाही, आणि त्याला कारण आहे. कणकुंबी-आमगाव हा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. इथे जांभूळ, अंजनी, कुंभा, फणस यांचे सदाहरित रान आहे. वर झाडांचे छत्र इतके गच्च की खाली ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणजे गवत नाही, आणि गवत नाही म्हणजे चितळाचे कळप नाहीत. गवत मिळते ते सड्यांवर, माळावर, जुन्या शेतांच्या कडेला. वाघाला इथे मिळतो तो गवा, सांबर, रानडुक्कर आणि भेकर. गवा ही मोठी शिकार, पण एकट्या वाघाने पूर्ण वाढलेला गवा पाडणे म्हणजे जिवावरचे काम.

एक वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे मारतो, असे वन्यजीव अभ्यासक धरतात. तेवढी दरवर्षी मिळत राहायची तर त्याच्या हद्दीत पाचेकशे जनावरे हवीत. म्हणजे मुद्दल पाचशे, व्याज दहा टक्के, आणि वाघ व्याजावर जगतो. ताडोबासारख्या रानात हे मुद्दल थोड्या जागेत जमते. सह्याद्रीच्या पावसाळी रानात ते विखुरलेले असते, म्हणून इथल्या वाघाला हद्द फार मोठी लागते, आणि नर तर एका रानातून दुसऱ्या रानात फिरतच राहतो. 2022मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला एक नर डिसेंबर 2023मध्ये सह्याद्री प्रकल्पात सापडला. तिथल्या लोकांनी त्याला 'सेनापती' नाव दिले.

शिकारीसाठी कुणी बंदूक घेऊन गवे-सांबर-डुकरे मारली, फासे लावले, तर वाघाला कुणी हात न लावताही वाघ जातो. मुद्दलच खाल्ले तर व्याज कुठून येणार? सह्याद्री प्रकल्पात वाघ येण्याआधी सागरेश्वरहून चितळे नेऊन सोडली, ती यासाठीच. खानापूर-चंदगडच्या रानात मात्र डुकराच्या फाशांकडे आजही काणाडोळा होतो. पिकाची नासाडी झाली की शेतकरी वैतागतो, हे खरेच आहे. पण डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशाला डुकरात आणि वाघात फरक कळत नाही. गोव्याच्या सत्तरीत केरी इथे 2009मध्ये एक वाघ असाच फाशात सापडून मेला होता.

बिबट्याची गोष्ट वेगळी

आपल्याकडे 'वाघ आला' म्हणतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा तो बिबट्या असतो. जुनी माणसे दोघांनाही वाघच म्हणतात, फरक करायचा झाला तर 'पट्टेरी' म्हणतात. हा फरक नुसत्या नावाचा नाही. बिबट्याला जंगल लागतेच असे नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या ऊसपट्ट्यात त्याला आडोसा मिळतो, आणि खायला कुत्री, शेळ्या, डुकरे आहेतच. ऑगस्ट 2022मध्ये तो थेट बेळगाव शहरात आला. जाधवनगरात एका बांधकाम मजुरावर हल्ला झाला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दिसला. परिसरातल्या बावीस शाळांना सुट्टी द्यावी लागली. पिंजरे लागले, ड्रोन आले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू कॅम्पमधून हत्ती आणले. महिनाभर खटाटोप झाला आणि बिबट्या काही सापडला नाही. शहरभर विनोद झाले, राजकारण झाले. पण ज्यांच्या घरामागे तो दिसला त्यांना विनोद सुचत नव्हता, हेही नोंदवायला हवे.

याच बिबट्याचे काळे रूप म्हणजे ब्लॅक पँथर. काळी प्रकल्पाची देशभर ओळख त्याच्यामुळेच आहे. अनेकांना अजून वाटते की ती वेगळी जात. तसे नाही. काळा रंग एका दबलेल्या जनुकामुळे येतो. आई-बाप दोघेही ठिपक्यांचे असले आणि दोघांकडेही ते जनुक असले, तर एखादे पिल्लू काळे निपजते. रात्रीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बघितले तर काळ्या अंगावर ठिपके स्वच्छ दिसतात. अंधाऱ्या, ओल्या रानात हा रंग लपायला सोयीचा पडतो, म्हणून पश्चिम घाटात असे बिबटे कोरड्या माळापेक्षा जास्त दिसतात. पर्यटनाच्या जाहिरातीत त्याचा फोटो झळकतो, पण ज्या सदाहरित रानामुळे तो आहे त्याचा उल्लेख जाहिरातीत नसतो. असो.

बिबट्या माणसाजवळ राहायला शिकला आहे. वाघाला ते जमत नाही. म्हणून ऊसपट्ट्यात बिबट्या वाढला म्हणजे जंगल सुधारले, असा अर्थ कुणी काढू नये. सदाहरित रान आणि त्याला जोडणारी वाट टिकली की नाही, याची परीक्षा वाघच घेतो.

2014चा डिसेंबर

बाहेरून आणलेला वाघ काय करू शकतो, याचा अनुभव खानापूर तालुक्याला आहे. नोव्हेंबर 2014मध्ये चिकमगळूर जिल्ह्यात एक वाघीण पकडण्यात आली. तिकडे कॉफीच्या मळ्यात एका महिलेचा बळी गेला होता आणि संशय याच वाघिणीवर होता. वनखात्याने तिला रेडिओ कॉलर लावली आणि शेकडो किलोमीटर दूर भीमगडच्या जंगलात आणून सोडले. डिसेंबरच्या अखेरीस तिने खानापूर तालुक्यातल्या एका तरुण महिलेला ठार केले. लोक रस्त्यावर आले, आणि काही दिवसांतच वाघिणीला गोळी घालण्यात आली.

जिथे माणसाचा बळी गेला तिथून संशयित जनावर उचलायचे आणि दुसऱ्या तालुक्यात सोडायचे, हा निर्णय बंगळूरच्या कार्यालयात सोयीचा वाटला असेल. भीमगडच्या आत आणि कडेला तेव्हा गावे होती, आजही आहेत. बायका सरपणाला जातात, पोरे गुरांमागे जातात. कॉलरचा सिग्नल खात्याकडे होता, त्याचा फायदा गावाला झाला नाही. जीव गेला ती बाई या व्यवहारात कुठेच नव्हती, आणि शेवटी वाघीणही गेली.

चांदोलीची योजना त्यापेक्षा पुष्कळ विचारपूर्वक आखलेली आहे, हे मान्य करायला हवे. ताराला आधी कुंपणात ठेवून मग मोकळे सोडले, ती माणसावर हल्ल्याच्या संशयातली नाही, आणि तिथे शिकार वाढवण्याचे कामही झाले आहे. पण वाघ हद्द ओलांडतो हे गृहीत धरूनच योजना करावी लागते. कोल्हापूरच्या वनखात्याला कॉलरवरून वाघ चंदगडच्या खाली सरकतोय असे दिसले, तर तो निरोप खानापूरच्या आरएफओपर्यंत किती वेळात येतो? आणि तिथून कणकुंबीच्या पंचायतीत, गवळी-आमगावात मराठीत कधी पोचतो? 2014चा धडा एवढाच होता आणि तो अजून कागदावर कुठे उतरलेला दिसत नाही.

गोळावलीचा हिशेब

सीमेच्या पलीकडे, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावात जानेवारी 2020मध्ये एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. विष घातले होते. वाघाने गुरे मारली, त्याचा राग, आणि मारलेल्या गुरावरच विष टाकलेले, असे तपासात पुढे आले. अटकही झाली. 2018च्या गणनेत संपूर्ण गोव्यात वाघ होते तीन. एका घराच्या रागाने चार गेले.

याच सत्तरीत आणि आसपासच्या गावांत वाघ्रोदेवाची स्थाने आहेत, लोक त्याला नारळ ठेवतात. श्रद्धा खोटी नाही. पण दुभती म्हैस गेली की बाजारात तिची किंमत काय आणि खाते देणार किती, आणि देणार कधी, हा प्रश्न देवाने सुटत नाही. वाघाने गुरू मारल्यावर पहिले दोन दिवस निर्णायक असतात. पंचनामा त्या दोन दिवसांत झाला, हातात काहीतरी रक्कम पडली, तर विषाची बाटली काढली जात नाही. भरपाईचे दर तीन राज्यांत तीन प्रकारचे आहेत. खानापुरात आणखी एक अडचण आहे, अर्ज आणि कागद कानडीत. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही सीमाभागाची जुनी मागणी. त्याकडे नेहमी भाषेचे राजकारण म्हणून बघितले जाते. आमगावच्या धनगराने गाय गेल्यावर अर्ज कुणाकडून लिहून घ्यायचा, हा त्यातला रोजचा भाग कुणी बघत नाही.

गोळावलीनंतर मामला कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी म्हादई आणि लगतचा भाग तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करा, असा आदेश दिला. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने टप्प्याटप्प्याने जाण्याची शिफारस केली. पहिल्या टप्प्यात दक्षिणेकडची नेत्रावळी आणि खोतीगाव ही काळी प्रकल्पाला लागून असलेली अभयारण्ये, आणि जिथे घरे जास्त आहेत ती म्हादई पहिल्या टप्प्यात नको. वस्तीचा विचार केला हे बरोबरच. पण भीमगडला चिकटून असलेला आणि वाघिणीने पिल्ले वाढवलेला भाग तोच आहे. तो मागे राहिला की वाटेच्या मधल्या तुकड्याला पुन्हा वालीच नाही.

तळेवाडी उठली, बाकीचे काय

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. आतल्या गावांना ना रस्ता धड, ना दवाखाना. जुलै 2024मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला भर पावसात तिरडीसारख्या डोलीवरून मैलोनमैल चालत आणावे लागले, तो व्हिडिओ राज्यभर फिरला. नंतर ती दगावली. त्यानंतर स्थलांतराच्या हालचालींना वेग आला आणि मे 2025मध्ये तळेवाडीच्या 27 कुटुंबांना वनमंत्री ईश्वर खंड्रे यांच्या हस्ते धनादेश देण्यात आले. कुटुंबाला एकूण पंधरा लाख, पैकी दहा आधी आणि पाच गाव सोडल्यावर.

ज्यांना जायचे आहे त्यांना जाऊ द्यावे, यात वाद नाही. पण पंधरा लाखांत खानापूर किंवा बेळगावच्या आसपास जमीन घेऊन घर बांधून काय उरते, याचा हिशेब कुणीही करू शकतो. आणि जे राहणार म्हणतात त्यांना रस्ता-वीज नाकारून 'स्वेच्छेने' उठवायचे, तर त्याला स्वेच्छा म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट खात्याच्या लक्षात आणून द्यावी लागेल. तळेवाडीच्या 27 घरांमुळे वाघाची वाट अडलेली नव्हती. ती अडते अभयारण्याच्या बाहेर. चोर्ला घाटातून रात्रभर धावणारी वाहने बघा. दोडामार्गात रबर आणि अननसासाठी साफ झालेले डोंगर बघा. तिथल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, हे मार्च 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. कॅसलरॉक ते कुळे दुहेरी रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. महाराष्ट्राने तिलारी, चंदगड, आजरा-भुदरगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली ही चांगली गोष्ट. चंदगडची हद्द संपते तिथे मात्र महाराष्ट्राचा नकाशाही संपतो. पुढे कर्नाटकाचा रंग वेगळा, गोव्याचा वेगळा.

यात एक गंमत आहे, कडवट गंमत. 'काळी-सह्याद्री व्याघ्र मार्ग' हे शब्द बेळगावच्या राजकारणात आले ते वाघामुळे नाही, पाण्यामुळे. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी साडेदहा हेक्टरच्या वर वनजमीन लागते आणि ती याच मार्गात येते. जानेवारी 2024मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे तो प्रस्ताव आला आणि लांबणीवर पडला. लगेच गोव्याला वाघाचा कळवळा आला आणि कर्नाटकात काही जणांना वाघ म्हणजे गोव्याचा डाव वाटू लागला. गोळावलीत चार वाघ मेले तेव्हा यातले कुणी फार बोलल्याचे आठवत नाही. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवे हे खरे, म्हादईचे खोरे कोरडे पडेल ही भीतीही खरी. त्यात वाघाला वकील म्हणून उभे केले की वाघाचेच नुकसान होते. खानापूरचा शेतकरी आधीच गव्या-डुकरांनी हैराण आहे. वाघ म्हणजे प्रकल्पाला आडवे येणारे कारण असे त्याच्या डोक्यात बसले, तर उद्या ठसे दिसल्यावर तो खात्याला कळवणार नाही.

त्याच पाण्यासाठी तीन राज्यांना एकत्र बसवता येते, हेही दिसले आहे. म्हादई लवादाने 2018मध्ये टीएमसीत वाटे ठरवून दिले : कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33. अंमलबजावणीसाठी 2023मध्ये केंद्राने 'प्रवाह' प्राधिकरणाला मंजुरी दिली. सीमाप्रश्नाचा दावा 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. वाघाच्या वाटेसाठी त्याची वाट बघण्याची गरज नाही. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार आणि उत्तर गोवा इथले वनाधिकारी तीन महिन्यांतून एकदा एका टेबलाला बसले, कॉलरची माहिती त्याच दिवशी एकमेकांना दिली, गुराच्या भरपाईचा पंचनामा मराठी-कानडी-कोकणीत आणि ठरावीक मुदतीत केला, चोर्ल्यात रात्रीच्या वेगाला आवर घातला, तरी बराच पल्ला गाठता येईल. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. खर्च एका उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ.

2022च्या गणनेत कर्नाटकात 563, महाराष्ट्रात 444 आणि गोव्यात 5 वाघ मोजले गेले. आकडे राज्यवार छापले जातात. 2018मध्ये सह्याद्रीत आणि 2020मध्ये काळीत दिसलेला तो नर अशा तक्त्यात एका वर्षी एका रकान्यात, पुढच्या वेळी दुसऱ्यात. 2026च्या गणनेचे काम आता सुरू आहे. भीमगड, तिलारी, म्हादई आणि चंदगडचे फोटो तीन कार्यालयांत वेगवेगळे राहिले, तर मधल्या पट्ट्यात कोण राहतो, कोण नुसता जातो आणि कोणती वाघीण पिल्ले घालते, हे पुन्हा चार वर्षे कळणार नाही. ते फोटो एकत्र ताडून बघायचे की नाही, हे बंगळूर, नागपूर आणि पणजीला या वर्षीच ठरवावे लागेल.